क्वेलबी खुर्द

इंग्लंडातलं एक खेडं राजीव आठल्येला इतकं पाठ होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने देवळापासून तळ्यापर्यंतची वाट न चुकता सांगितली असती. गंमत म्हणजे इंग्लंडात त्याने उभ्या जन्मात पाऊल ठेवलेलं नव्हतं. तो राहायचा मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्निटमध्ये. तिथे बघता बघता नवी वसाहत उगवते, गल्ल्यांना फुलांची नाहीतर पक्ष्यांची नावं देतात, आणि त्या गल्लीत ना ते फूल सापडत ना तो पक्षी. गावाला गावपण यायला जे लागतं, म्हणजे एखादा पार, एखादी वेस, निदान एखादं जुनं भांडण, त्यातलं तिथे काहीच नव्हतं. सकाळी सगळ्यांच्या गाड्या बाहेर पडायच्या, संध्याकाळी परत यायच्या, गॅरेजचं दार खाली यायचं, संपला दिवस.

हे खेडं त्याला शिकवलं शेजारच्या लेनने. लेन हॉबडे हा ऐंशी ओलांडलेला, वाकलेला, तोंडाने फटकळ म्हातारा. तरुणपणी इंग्लंडातून बोटीने आला तो परत म्हणून गेला नाही. वेरिबीच्या दक्षिणेला फ्लॉवर-ब्रोकोलीचे मळे आहेत, तिथले ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. बायको केव्हाच सोडून गेली होती, मूलबाळ नव्हतं. गुडघ्यांनी राम म्हटल्यावर मळ्याजवळचं घर विकून तो टार्निटच्या बैठ्या घरात आला आणि राजीवचा शेजारी झाला.

राजीव तेव्हा नुकता एकटा पडला होता. त्याची बायको पद्मा आईच्या आजारपणासाठी म्हणून पुण्याला गेली, आणि महिन्याभरात करोनाने सगळ्या जगाची दारं बंद झाली. हा इकडे, ती तिकडे. पुढच्या वर्षीच्या एप्रिलात, जिच्या सेवेला गेली होती ती आई बरी झाली आणि पद्माच गेली. राजीवला विमान मिळालं नाही. जे काही पाहायचं ते त्याने फोनच्या पडद्यावर पाहिलं. अस्थी तिच्या भावाने इंद्रायणीत सोडल्या आणि त्याचा छोटासा व्हिडिओ पाठवला. तो राजीवने एकदा पाहिला, पुन्हा नाही. मुलगी नूपुर सिडनीत, गिरावीनला, नवरा आणि छोट्या रुद्रसकट. ती दर रविवारी फोन करायची. आईचा विषय निघाला की दोघंही हवामानावर बोलायचे. इतकं हवामान तर हवामान खात्यातही बोलत नसतील.

अशा वेळी एका शनिवारी दुपारी लेनने कुंपणावरून हाक मारली. "राज, मेट, बीअर घेणार का? की तुमच्यात चालत नाही?"

"चालते," राजीव म्हणाला. पद्मासमोर चालत नव्हती, हे त्याने सांगितलं नाही.

त्या दिवसापासून शनिवारची दुपार लेनच्या गाडीखान्यासमोर घडीच्या खुर्च्यांवर जायला लागली. लेनला बोलायला एकच विषय होता, त्याचं गाव. गावाचं नाव लिटल क्वेलबी. ओढ्यापलीकडे ग्रेट क्वेलबी. हे ऐकल्याबरोबर राजीव खुर्चीत सरळ बसला. त्याचे वडील कचेरीत अव्वल कारकून, त्यांच्या बदल्यांबरोबर अर्धा सातारा जिल्हा त्याने लहानपणी पाहिला होता. त्याने लेनला सांगितलं, "आमच्याकडेही हेच. मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. म्हणजे तू क्वेलबी खुर्दचा!"

लेनला हे फार आवडलं. पुढे तो स्वतःच म्हणायचा, "वी खुर्द पीपल." आणि मग बुद्रुकवाल्यांना यथेच्छ शिव्या घालायचा. त्यांचा मनोरा उंच पण घंटा फुटकी, त्यांचं तळं मोठं पण बदकं चोरलेली, असं काय काय. खुर्दवाल्यांचं तोंड जगात सगळीकडे सारखंच.

हळूहळू राजीवला सगळं गाव ठाऊक झालं. चौकातल्या हातदर्शक खांबापासून सुरुवात करायची. डाव्या हाताला दशांश धान्याचं कोठार. गावाने पिकाचा दहावा हिस्सा तिथे देवळासाठी आणून टाकायचा, म्हणजे आपल्या बलुत्याचाच चुलतभाऊ. मग तळं, मग 'प्लाऊ' नावाचा गुत्ता, मग लढाईत मेलेल्यांचा दगड. त्या दगडावर एकाच घरातली तीन नावं होती. मग देवळाच्या आवाराचं छप्पर असलेलं फाटक. प्रेत आणलं की आधी त्या फाटकाखाली ठेवायचं, खांदेकरी दम घ्यायचे, पाद्री बाहेर यायचा आणि मग आत न्यायचं. "आम्ही त्याला विसावा म्हणतो," राजीव म्हणाला. लेनने तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. आवारात देवळाहूनही म्हातारं एक यू नावाचं झाड होतं. त्याच्या पोकळ खोडात लेनने पहिली सिगरेट ओढली होती.

आणि शीव. तिथे शिवेच्या आतल्या मुलखाला पॅरिश म्हणतात. गाव आणि त्याचं देऊळ मिळून जी हद्द होते ती पॅरिश. दर वसंतात सगळं गाव त्या हद्दीवरून चालायचं, हातात ओल्या फांद्या, आणि प्रत्येक शिवेच्या धोंड्याला त्या फांद्यांनी झोडपायचं. मुलांना धोंड्यावर नेऊन आपटायचे, म्हणजे म्हातारपणीही हद्द विसरायला नको. "तिसरा धोंडा माझ्या ढुंगणाला अजून आठवतो," लेन म्हणायचा आणि खोकत हसायचा.

एकदा मात्र हसता हसता तो थांबला. म्हणाला, "त्या शिवेच्या आत जो राहतो ना, राज, त्यालाच देवळाच्या आवारात पुरायचा हक्क असतो. बाहेरच्याला नाही."

"आणि जन्म तिथला असेल तर?"

"जन्म कोण विचारतो? राहतोस कुठे ते विचारतात."

मग तो बराच वेळ समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बसला. राजीवही बघत बसला. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

यंदाच्या थंडीत लेनच्या छातीत पाणी झालं. वेरिबीच्या हॉस्पिटलात त्याने जवळचा माणूस म्हणून राजीवचं नाव दिलं, तेव्हा राजीवला कळलं की या माणसाला जगात आपल्याशिवाय कुणी नाही. शेवटच्या आठवड्यात लेनने त्याचा हात धरला. लेन हात धरणाऱ्यातला नव्हता.

"मला जाळ खुशाल. पण राख घरी ने. देवळाच्या आवारात, कुठेही. उत्तरेच्या अंगाला दिलं तरी चालेल, तिथे पूर्वी भिकारी आणि जीव दिलेले पुरायचे. पण आत. तू लिही त्यांना. तुला लिहिता येतं."

"नेतो," राजीव म्हणाला. आजारी माणसाला आपण काय वाटेल ते कबूल करतो. पण राजीव मनापासून म्हणाला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

लेनच्या दहनाला राजीव, मळ्यावरचे दोन म्हातारे इटालियन आणि हॉस्पिटलातली एक नर्स, एवढेच. चार दिवसांनी राखेची पेटी त्याच्या हातात आली. राखाडी प्लास्टिकची, बुटांच्या खोक्याएवढी, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जड.

इथून राजीवची पंचाईत सुरू झाली. अस्थी घरात ठेवत नाहीत. हे कुणी शिकवावं लागत नाही, हाडातच असतं. लहानपणी त्याने शेजारच्या काकांच्या अस्थी गाडग्यात घालून दारच्या झाडाला टांगलेल्या पाहिल्या होत्या. त्याने पेटी पिशवीत घातली आणि मागच्या अंगणातल्या लिंबाला बांधली. टार्निटचा वारा म्हणजे काय चीज आहे ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. रात्रभर पिशवी कुंपणावर आपटत राहिली. सकाळी त्याने ती काढून बागेच्या शेडमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी ठेवली, आणि तिथेही ती त्याला डाचायला लागली.

क्वेलबी खुर्दच्या देवळाची वेबसाइट होती. तिच्यावर शेवटची बातमी दोन वर्षांपूर्वीच्या सुगीच्या जेवणाची. तिथल्या पत्त्यावर त्याने नीट, सविस्तर ई-मेल लिहिला. उत्तर नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा लिहिला. उत्तर नाही. इंटरनेटवर शोधलं तर कळलं की लेनच्या गावात आता शाळा नाही, 'प्लाऊ'चं कुणीतरी राहतं घर केलंय, निम्मी घरं लंडनच्या लोकांनी सुट्टीसाठी घेतलीत आणि एका पाद्रीकडे सात गावं आहेत. आपल्याकडे ग्रामसेवकाकडे असतात तशी. ग्रामसेवक जसा सापडत नाही तसाच हाही सापडत नसणार. लेन सांगायचा ते गाव राजीवच्या डोक्यात जेवढं शिल्लक होतं तेवढंच उरलं होतं, असं त्याच्या मनाने घेतलं.

"बाबा, इट्स जस्ट ॲशेस," नूपुर फोनवर म्हणाली. "कपाटात ठेवा ना. काय फरक पडतो?"

"घरात ठेवत नाहीत गं."

"कोण ठेवत नाही? इथे लोक फायरप्लेसवर ठेवतात. तुम्ही ओव्हरथिंक करताय."

"असेल," राजीव म्हणाला. "पाऊस कसाय तिकडे?"

सप्टेंबर लागला, आणि त्याबरोबर पितृपक्ष. आता ती पेटी नुसती डाचेना, बोलायलाच लागली. पितरांच्या पंधरवड्यात एक माणूस गवताच्या यंत्राशेजारी पडून आहे! ना इकडचा ना तिकडचा. मागे करणारं कुणी नाही. सर्वपित्री अमावास्या यंदा रविवारी आली. आदल्या दिवशी राजीव इंडियन दुकानातून काळे तीळ घेऊन आला. दर्भ मिळाला नाही. खीर त्याने स्वतः केली, ती खाली लागली.

रविवारी सकाळी तो वेरिबी नदीवर गेला. वळणावर, निलगिरीच्या म्हणजे तिकडच्या गमच्या झाडांखाली, जिथे पाणी थोडं हलतं. वॉटलच्या झाडांना सोनेरी बहर आला होता. कुत्रा फिरवणारी एक बाई "लव्हली मॉर्निंग" म्हणून पुढे गेली. राजीवने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गार पाण्यात उतरला. मंत्र येत होते तेवढे म्हटले. गोत्रापाशी अडला. मग आठवलं, ज्याचं गोत्र माहीत नाही त्याला काश्यप म्हणायचं. काश्यप गोत्राच्या लेन हॉबडेची राख त्याने ओंजळी ओंजळीने पाण्यात सोडली. तिच्यात बारीक खडे होते, वाळूसारखे. ते ताबडतोब बुडाले. बाकीचा राखाडी ढग थोडा वेळ तिथेच घुटमळला आणि मग गेला.

आणि राजीव त्या पाण्यात उभा राहून ढसाढसा रडला. खरं सांगायचं तर ते लेनसाठी नव्हतंच. इंद्रायणीच्या काठी जे त्याच्या हातून व्हायला हवं होतं, ते तो हजारो मैलांवर एका परक्या नदीत, एका परक्या माणसासाठी करून घेत होता. त्याला त्या क्षणी हे कळलंही. पण हात थांबले नाहीत. त्या रात्री तो इतक्या वर्षांत प्रथमच गाढ झोपला.

उत्तर आलं त्याच आठवड्यात, गुरुवारी. तो घरूनच काम करत होता, जेवणाच्या सुट्टीत वरणभात गरम करत होता, आणि फोनवर ई-मेल वाजला. पाठवणारी हिलरी प्राउट. देवळाचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांतली ती मुख्य, त्यांच्या भाषेत चर्चवॉर्डन. पत्र आनंदाने ओसंडत होतं. उशिराबद्दल माफ करा, पाद्रीबुवांकडे सात गावं आहेत. मिस्टर हॉबडे पॅरिशबाहेर गेल्यामुळे त्यांचा हक्क उरलेला नव्हता, म्हणून मंडळाची बैठक होईपर्यंत थांबावं लागलं, आणि मंडळ दोन महिन्यांनी भरतं. पण परवानगी मिळाली! उत्तरेला नव्हे, चांगली दक्षिणेच्या भिंतीला, त्यांच्या आई एडिथच्या शेजारी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गावात सगळ्या मृतांचं स्मरण करतात, तेव्हा ठेवू या. तुम्ही स्वतः आणाल की पाठवाल?

वरणाला उकळी येऊन ते उतू गेलं. राजीवने गॅस बंद केला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं आपण किती सहज म्हणतो. राजीवला ते सहज म्हणता येईना. चार दिवस आणखी थांबला असता तर? चार दिवस! लेन पन्नास-पंचावन्न वर्षं थांबला होता, आणि त्याला या गृहस्थाने चार दिवस थांबू दिलं नाही. कारण काय, तर अमावास्या.

शुक्रवार तसाच गेला. शनिवारी, लेनच्या दुपारी, त्याच्या मनात नको ते आलं. रिकामी पेटी गॅरेजमध्ये तशीच होती. मागच्या अंगणातल्या शेगडीत कोळशाची राख होती. तिकडे कोण तपासणार? पेटी मातीत जाईल, वर गवत उगवेल, लेनच्या आईच्या शेजारी लेनचं नाव लागेल. कुणाचंच नुकसान नाही, उलट सगळ्यांचं समाधान. मनुष्य स्वतःला पटवायला बसला की वकिलाची गरज पडत नाही.

त्याने पेटी आणली आणि चमच्याने राख भरायला घेतली. भरली, झाकण लावलं, उचलून पाहिली. पिसासारखी हलकी. खरी पेटी उचलताना त्याच्या मनगटाला जो हिसका बसला होता, तो मनगटाला आठवत होता. त्याने थोडी माती मिसळली. पुन्हा उचलली. आता जड झाली, पण मग त्याला स्वतःच्या हातांकडे बघवेना. आपण अंगणात बसून एका मेलेल्या माणसाचं वजन जमवतोय, हे त्याला एकदम दिसलं. त्याने पेटी लिंबाच्या बुंध्याशी उलटी केली आणि हात धुवायला आत गेला.

रविवारी संध्याकाळी, तिकडची सकाळ धरून, त्याने पत्रातल्या नंबरवर फोन लावला.

"मिस्टर आठल्ये! किती छान," पलीकडून आवाज आला. तो म्हाताऱ्या बाईचा होता, पण खणखणीत. "कधी आणताय त्याला?"

"मिसेस प्राउट, मी त्याला आणू शकत नाही." त्याने सांगायचं पाठ करून ठेवलं होतं, तरी शब्द घसरले. "मी राख नदीत सोडली. तुमचं पत्र यायच्या आधी, त्याच आठवड्यात. आमच्यात अस्थी घरात ठेवत नाहीत. पितरांचे दिवस होते. मला वाटलं तुम्ही उत्तर देणार नाही."



"नदीत," ती म्हणाली.

"हो."

"तुमच्यात," ती म्हणाली. "तुमच्यात ठेवत नाहीत. पण तो तुमच्यातला नव्हता, मिस्टर आठल्ये. तो आमच्यातला होता."

 राजीवने खुर्ची ओढून घेतली.

"मी त्या माणसासाठी दारोदार फिरले," हिलरीचा आवाज आता चिरकत होता. "मंडळात सहा माणसं. चौघं नको म्हणत होती. माहितीये का? त्यातल्या दोघांचं मन वळवायला मला सगळा उन्हाळा लागला. लोक म्हणत होते, जो आईच्या मातीला आला नाही त्याला आता आईच्या शेजारी कशाला जागा? त्यांचं काय चुकलं? एडिथ गेली तेव्हा तिच्या उशाशी मी होते. वीस वर्षांची पोरगी. शेजारीण, एवढंच नातं. तिने शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून पडायचा हट्ट धरला होता. तार केली त्याला. तो आला नाही. पत्र नाही, काही नाही. आणि मी त्याच्यासाठी भांडले, का? कारण एडिथला तो हवा होता. त्याला नव्हे, तिला!"

राजीवच्या डोळ्यांपुढे लेनचं गाव उभं राहिलं. खांब, कोठार, तळं, गुत्ता, फाटक, झाड. लेन त्याला इतक्या वेळा त्या आवारात घेऊन गेला होता, पण दक्षिणेच्या भिंतीकडे कधी नाही. झाडापाशी यायचा आणि वळायचा.

"तो तिच्याबद्दल बोलायचा का?" हिलरीने विचारलं. आता ती चिडलेली नव्हती, नुसती विचारत होती. "इतकी वर्षं तुमच्याजवळ बसायचा म्हणता. आईबद्दल काय म्हणायचा?"

एक गोड खोटं जिभेवर आलं होतं. राजीवने ते गिळलं.

"काही नाही. एकदाही नाही. दगडधोंड्यांबद्दल बोलायचा, बदकांबद्दल, बुद्रु… म्हणजे ग्रेट क्वेलबीबद्दल. आई होती हेच मला तुमच्या पत्रातून कळलं."

"दगडाच्या काळजाचा माणूस," ती म्हणाली.

"नाही," राजीव म्हणाला, आणि आपला आवाज चढलाय हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. "नाही मिसेस प्राउट. मला माहितीये ते. मीपण बोलत नाही."

"कुणाबद्दल?"

आणि मग तो बोलला. मुलीशी बोलला नव्हता, स्वतःच्या भावाशी नाही, लेनशीसुद्धा नाही. पद्मा पुण्याला गेली तेव्हा विमानतळावर पार्किंगवरून आपण तिच्याशी भांडलो, हे सांगितलं. ती हॉस्पिटलातून व्हिडिओ कॉल करायची आणि तिच्या तोंडावरचा मास्क पाहवत नाही म्हणून दोनदा आपण फोन उचललाच नाही, मीटिंगमध्ये होतो असं कळवलं, हे सांगितलं. तिसऱ्यांदा फोन आला तो तिच्या भावाचा. नदीच्या पाण्यात आपण कुणाला सोडत होतो आणि कुणासाठी रडत होतो, तेही सांगितलं. जगाच्या दुसऱ्या टोकाला एक अनोळखी बाई स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकत होती. तिच्या मागे किटली शिट्टी मारून मारून गप्प झाली.

"मी चुकलो," राजीव शेवटी म्हणाला. "माझ्या दुःखात त्याचा बळी गेला. मला माफ करा असंही म्हणवत नाही."

"नका म्हणू," ती म्हणाली. "मला ते जमणार नाही. निदान आज नाही."

"बरोबर आहे."

पण फोन कुणीच ठेवला नाही. ठेवून दोघांना जायचं तरी कुठे होतं? राजीवच्या घरात फ्रिजची घरघर तेवढी होती. तिच्याकडे बहुधा तीही नसावी.

"हाड नाही तर दगडावर नाव कोरता येत नाही," हिलरी म्हणाली. तिचा स्वर कामाला लागलेल्या माणसाचा झाला होता. "तो नियम आहे, तो मला मोडता येणार नाही. एडिथच्या शेजारची जागा मोकळी राहील. पण त्या रविवारी देवळात मेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात. पाद्रीबुवा त्या दिवशी ग्रेट क्वेलबीला असतात, त्यामुळे इथली नावं मीच वाचते. त्याला हद्द नाही. कुणीही कुणाचंही नाव सांगावं. एडिथ हॉबडेचं नाव मी दरवर्षी घेते. यंदा तिच्या पाठोपाठ लेनर्ड घेईन. तिला बरं वाटेल."

"थँक यू," राजीव म्हणाला. 

"आणि तुमच्या पत्नीचं. नाव काय म्हणालात?"

"मी नाव सांगितलंच नाही," राजीव म्हणाला, आणि ते खरंच होतं. सगळी कहाणी त्याने 'माय वाइफ, माय वाइफ' करत सांगितली होती.

"मग सांगा. मला चुकीचं वाचायला आवडत नाही."

"पद्मा."

"पॅड-मा."

"नाही. पद्-मा."

"पडमा."

"जवळ आलात. द. जीभ दातांना लावा. पद्मा."

"थांबा हं, मला नीट ऐकू येत नाही या फोनवर. जरा मोठ्याने म्हणा."

"पद्मा," राजीव मोठ्याने म्हणाला. नूपुर तिला आई म्हणायची, रुद्र आजी म्हणायचा. आई लाडाच्या नावाने हाक मारायची, भाऊ ताई म्हणायचा, दीर-जावा वहिनी म्हणायच्या, शेजारपाजारच्या बायका काकू. उरलेल्या जगात तिला पद्मा म्हणणारा तो एकटा होता. ती गेल्यापासून ते नाव कुणी उच्चारलंच नव्हतं. उच्चारणार कोण?

"पुन्हा," हिलरी म्हणाली.

"पद्मा."

"पुन्हा म्हणा. मला ते बरोबर यायला हवं."

तो उठून उभा राहिला. जिन्याखालून वर हाक मारावी तशा आवाजात त्याने ते नाव घेतलं, पुन्हा घेतलं, आणखी एकदा घेतलं. रिकाम्या घरात ते या भिंतीवरून त्या भिंतीवर गेलं. वरून कुणी ओ दिली नाही. देणार नव्हतंच कुणी. फोनवर मात्र एक म्हातारी बाई हळूहळू, शाळेतल्या पोरीसारखी, त्याच्यामागून म्हणत होती, "पद्मा. पद्मा. असंच ना?"

"असंच," राजीव म्हणाला. "हेच तिचं नाव."